इटालियन कादंबरी मराठीत आणताना : पहिल्यांदाच अनुवादाला बसणाऱ्यांसाठी

इटालियन शिकून झालं आहे, चार-दोन पुस्तकं मुळातून वाचली आहेत, आणि त्यातलं एखादं मराठीत यायला हवं असं मनात घोळायला लागलं आहे, अशा टप्प्यावरच्या माणसासाठी हे लिहितो आहे. विसाव्या शतकातलं आणि आजचं गद्य एवढाच आवाका धरला आहे. दान्तेला हात लावायचा तर वेगळी तयारी लागते. कवितेचं इथे एकच उदाहरण येईल.

इटलीतलं लेखन आपल्याकडे बऱ्याचदा इंग्रजीच्या दारातून आलं. सावरकरांनी लंडनमध्ये बसून केलेला मॅझिनीचा अनुवादसुद्धा इंग्रजी खंडांवरून होता. १९०७ मध्ये तो छापला गेला, लोकांनी मनावर घेतला आणि सरकारने जप्त केला. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आज आहे, आणि तोच घ्या असा माझा आग्रह आहे. माणूस समोरच्याशी कोणत्या पातळीवरून बोलतो, घरात कोणती भाषा आणि शाळेत कोणती, बोलणारी बाई आहे की बुवा, हे सगळं इटालियन वाक्याच्या व्याकरणातच असतं. इंग्रजीत ते सांडतं. मराठीत त्याला जागा तयार असते. इंग्रजीवरून अनुवाद केला की मराठीला जे फुकट मिळालं असतं नेमकं तेच आपण वाटेत घालवून बसतो.

पुस्तक निवडा, आणि लगेच हक्कांचं बघा

पहिलं पुस्तक छोटं घ्या. शंभर-दीडशे पानांची लघुकादंबरी किंवा सहा-सात कथा. इटलीत अनुवादाचं काम ‘कार्तेल्ला’वर मोजतात. म्हणजे मोकळ्या जागा धरून १८०० अक्षरांचं एक पान. काही प्रकाशक २००० धरतात. आपल्या पुस्तकाच्या कार्तेल्ला किती होतात ते काढा, आठवड्याला तुमच्याकडून किती होतात ते महिनाभर बघा, आणि मगच कोणाला तारीख द्या.

भाषा सोपी दिसते म्हणून फसू नका. नतालिया गिन्झबुर्गची वाक्यं दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतात, पण त्यांची लय पकडणं अवघड. तरीही सुरुवातीला तिच्यासारखंच काहीतरी घ्यावं, कारण तिथे शब्दकोशात वेळ जात नाही, कान तयार होतो. कार्लो एमिलिओ गाद्दा मात्र पहिल्याच खेपेला घेऊ नका. रोमची बोली, कचेरीची भाषा आणि विद्वत्ता एकाच वाक्यात कालवणारा हा माणूस इटालियन वाचकालाही घाम फोडतो.

आता हक्क. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि इटलीत ७० वर्षं कॉपीराइट चालतो. स्वेव्हो १९२८ मध्ये गेला, पिरांदेल्लो आणि ग्रात्सिया देलेद्दा १९३६ मध्ये, चेझारे पावेझे १९५० मध्ये. या चौघांसाठी परवानगी लागत नाही. काल्विनो (१९८५), प्रीमो लेव्ही (१९८७), गिन्झबुर्ग (१९९१), उंबेर्तो एको (२०१६), आंद्रेआ कामिल्लेरी (२०१९) यांच्यासाठी लागते. ती मूळ इटालियन प्रकाशकाच्या परदेशी हक्क विभागाकडे किंवा लेखकाच्या एजंटाकडे मागायची. पत्र मराठी प्रकाशकाच्या नावाने गेलं तर उत्तर लवकर येतं, म्हणून आधी दहा-पंधरा पानांचा नमुना करून इथला प्रकाशक गाठा. इंग्रजी अनुवादावर त्या अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. लेखक जुना आहे म्हणून इंग्रजी आवृत्ती उचलून तिचं मराठी करता येत नाही.

पैशाची थोडी सोय होऊ शकते. इटालियन पुस्तकांच्या अनुवादासाठी तिथलं परराष्ट्र मंत्रालय परदेशी प्रकाशकांना अनुदान देतं. त्याची चौकशी दिल्लीच्या इटालियन सांस्कृतिक संस्थेकडे करता येते. अर्ज प्रकाशकाने करायचा असतो, अनुवादकाने नाही. रोममध्ये सार्वजनिक ग्रंथालयांच्या व्यवस्थेत ‘कासा देल्ले त्रादुत्सिओनी’ नावाचं अनुवादकांचं घर आहे, इटालियनमधून अनुवाद करणाऱ्या परदेशी लोकांना तिथे राहून काम करता येतं. पहिल्या पुस्तकाला त्याची गरज नाही, पण नाव लक्षात असू द्या.

लिहायला बसण्याआधी वंशावळ काढा

हे कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नाही, कारण इंग्रजीला ती अडचण फारशी येत नाही. इटालियनमध्ये ‘त्सिओ’ म्हणजे काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, यांतला कोणीही. ‘कोन्याता’ वहिनी असेल, नणंद असेल, जाऊ असेल किंवा मेहुणी. ‘कुजीनो’ चुलतभाऊ की मामेभाऊ ते शब्द सांगत नाही. सगळ्यांत वाईट ‘निपोते’. तो पुतण्याही आहे, भाचाही आहे आणि नातूही. बाईसाठीही तोच शब्द. पहिल्या प्रकरणात तुम्ही त्याला भाचा केलंत आणि नवव्या प्रकरणात कळलं की तो आजोबांच्या मांडीवर वाढलेला नातू आहे, तर मधली सगळी पानं उपसावी लागतात. पुस्तक एकदा पूर्ण वाचा, दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन प्रत्येक नातं कागदावर मांडा. पुस्तकात कुठेच खुलासा नसेल तर लेखकाला विचारा. लेखक हयात नसेल तर नातं ठरवण्याऐवजी माणसाचं नाव वापरा.

दुसरा तक्ता संबोधनांचा. इटालियनमध्ये ‘तू’, ‘लेई’ आणि ‘व्होई’ अशी तीन दारं आहेत. ‘तू’ म्हणजे आपलाच ‘तू’, उच्चारही तोच. ‘लेई’ हे आजचं आदराचं रूप. ‘व्होई’ हे जुनं आणि दक्षिणेतलं. कोण कोणाला काय म्हणतं, आणि कोणत्या पानावर ते बदलतं, याची नोंद ठेवा. दोन माणसं ‘लेई’वरून ‘तू’वर येतात तेव्हा कादंबरीत काहीतरी घडलेलं असतं. इंग्रजी अनुवादक तिथे ‘मला नावाने हाक मार’ असं काहीतरी करून वेळ मारून नेतो. आपल्याकडे ‘आता हे अहो-जाहो पुरे’ एवढं म्हटलं की झालं.

पण इथेच एक सापळा आहे. ‘लेई’ला ‘आपण’ आणि ‘व्होई’ला ‘तुम्ही’ असं यांत्रिक वाटप करू नका. मराठीतलं ‘आपण’ समारंभी आहे. मिलानमधला माणूस दुकानदाराला ‘लेई’ म्हणतो त्यात समारंभ नसतो. तिथे ‘तुम्ही’च बरोबर. ‘व्होई’चा अर्थ काळ पाहून लावावा लागतो. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेई’ परकं आणि बुळं ठरवून ‘व्होई’ची सक्ती केली. त्या वर्षांतल्या रोमन कारकुनाच्या तोंडचं ‘व्होई’ आणि नापोलीच्या (म्हणजे नेपल्सच्या) गल्लीतल्या म्हातारीच्या तोंडचं ‘व्होई’ यांचा वास वेगळा. म्हातारीचं ‘तुम्ही’ आपोआप जमतं. कारकुनाच्या प्रसंगी प्रस्तावनेत दोन ओळी लिहाव्या लागतील.

बायकोने नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचं का? नाही. इटालियन जोडपी एकमेकांना ‘तू’ म्हणतात. गोष्ट १९५० ची आणि वस्ती गरीब म्हणून मराठी हात सवयीने ‘अहो, ऐकलंत का’कडे वळतो, आणि एका क्षणात नापोलीची बाई गिरगावात येऊन उभी राहते.

निवेदनातल्या आदराला मात्र इलाज नाही. इटालियन लेखिका ‘वडील म्हणत’ असं लिहिते तेव्हा क्रियापद साधं एकवचनी असतं. मराठीत वडिलांना एकवचनी केलं तर लेखिका बापावर चिडली आहे असं वाटेल. तिथे मराठीच्या चालीने चला.

तिसरी वही पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची. गिन्झबुर्गचं १९६३ चं, स्त्रेगा पुरस्कार मिळवणारं आत्मकथन तर उभंच आहे घरातल्या ठरलेल्या वाक्यांवर. वडिलांच्या त्याच शिव्या, आईची तीच गाणी, कुठल्यातरी नातेवाइकाच्या तोंडचं एक निरर्थक वाक्य. ती भावंडं जगात कुठेही भेटली तरी त्या एका वाक्यावरून एकमेकांना ओळखतील, असं ती सांगते. असं वाक्य पान २० वर एका प्रकारे आणि पान १६० वर दुसऱ्या प्रकारे आलं तर पुस्तकाचा कणा मोडतो. या पुस्तकाला इंग्रजीत १९६७, १९९७ आणि २०१७ मध्ये तीन अनुवादकांकडून तीन वेगळी नावं मिळाली, त्यावरून कल्पना करा.

काळ आणि लिंग

इथे फार घाबरायचं कारण नाही, पण दोन ठिकाणी थांबा.

इटालियनमधला ‘इंपेरफेत्तो’ हा भूतकाळ सवयही दाखवतो आणि चालू असलेली क्रियाही. मराठीला त्यातलं एक निवडावं लागतं. ‘तो स्टेशनवर जात होता’ की ‘तो स्टेशनवर जायचा’? आठवणींच्या पुस्तकात बहुतेक वेळा ‘जायचा’. ‘जाई’ आणि ‘जात असे’ ही रूपं शोभिवंत आहेत, जपून वापरा. पानभर ‘म्हणत असे, हसत असे, येत असे’ आलं की वाचक शाळेच्या धड्यात जाऊन पडतो. गोष्ट पुढे नेणारा ‘पास्सातो रेमोतो’ साध्या ‘गेला, म्हणाला, उठला’मध्ये बसतो. मजा अशी की उत्तर इटलीत रोजच्या बोलण्यात हा काळ जवळपास वापरतच नाहीत, त्यामुळे तिथल्या माणसाला तो पुस्तकी वाटतो, आणि सिसिलीत तो तोंडात असतो. संवादात तो दिसला तर बोलणारा कुठला आहे ते पाहा.

लिंगाच्या बाबतीत इटालियन आणि मराठी चुलतबहिणी. ‘मी गेले’ की ‘मी गेलो’ हे दोघींनाही सांगावं लागतं. पण नेहमी नाही. ‘पास्सातो रेमोतो’मध्ये बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही, मराठीत दिसतं. म्हणजे निवेदक बाई आहे हे लेखकाने पाच पानं लपवलं असेल तर तुमच्या पहिल्याच वाक्यात ते फुटेल. सुटका आहे : ‘मी दार उघडलं’, ‘मला दिसलं’, ‘मी पाहिलं’. अशा रचनांत क्रियापद कर्माच्या मागे जातं किंवा नपुंसकलिंगी राहतं, आणि बोलणारा झाकला जातो. पाच पानं असं लिहिता येतं. दहा पानं लिहिली तर वाचकाला संशय येतो.

भविष्यकाळ याहून उदार आहे. पावेझेच्या मृत्यूनंतर छापलेल्या कवितांपैकी एकीची पहिली ओळ प्रसिद्ध आहे : मृत्यू येईल आणि त्याच्यापाशी तुझे डोळे असतील. इटालियनमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी, आणि डोळे ज्या बाईचे ती समोर आहे. त्या दोघी एकमेकींत मिसळतात. मराठीत ‘त्याच्यापाशी’ म्हटल्याबरोबर एक पुरुष मध्ये येतो. ‘मरण येईल, तुझे डोळे घेऊन येईल’ असं केलं तर ‘येईल’ला लिंग नाही, ‘मरण’ नपुंसक, आणि बाईची सावली पडायला वाव राहतो. मूळ स्त्रीत्व पूर्ण आलं का? नाही. पण पुरुष तरी टळला.

बोलीचं काय करायचं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा लोकसंख्येतले फार थोडे इटालियन बोलत होते; भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज सुमारे अडीच टक्क्यांचा होता. बाकीचे नापोलीचं, व्हेनिसचं, सिसिलीचं, पिएमोन्तेचं आपापलं बोलत. या बोली केवळ उच्चारात वेगळ्या नाहीत. मिलानचा माणूस सिसिलीत जाऊन ऐकायला बसला तर बरंच काही निसटेल इतकं अंतर आहे. विसाव्या शतकातल्या गद्यावर या अंतराची सावली पडली नाही असा लेखक क्वचित.

लेखक ते तीन तऱ्हांनी हाताळतात. एलेना फेरांते बोली लिहितच नाही, ‘तो बोलीत म्हणाला’, ‘तिने शुद्ध इटालियनमध्ये उत्तर दिलं’ असं नुसतं सांगते. तिच्या नापोलीवरच्या चार खंडांच्या कादंबरीवरून केलेल्या टीव्ही मालिकेत, जी २०१८ मध्ये सुरू झाली, ती बोली प्रत्यक्ष ऐकू येते, आणि इटलीतच खाली इटालियन अक्षरं दाखवावी लागली. पुस्तकात मात्र ती दाबलेली आहे. बोली म्हणजे घर, मारहाण, गरिबी. इटालियन म्हणजे शाळा, शिक्षिका, सुटका. या बाबतीत मराठी वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही. ‘शुद्ध बोल’ हे ऐकत शाळा शिकलेला कोणीही ती जखम ओळखतो. तुम्ही फक्त फेरांतेच्या त्या छोट्या सूचना गाळू नका. कंटाळवाण्या वाटतात म्हणून संपादक त्या कापायला निघेल. कापू देऊ नका.

कामिल्लेरी उलट्या टोकाला. १९९४ पासून आलेल्या इन्स्पेक्टर मोंताल्बानोच्या कादंबऱ्यांत त्याने सिसिलियन आणि इटालियन यांचं आपलंच मिश्रण केलं. उत्तरेकडचे वाचक अर्धे शब्द संदर्भाने लावत वाचतात आणि त्यातच त्यांना गंमत वाटते. फ्रेंचमध्ये त्याच्या दुसऱ्या कादंबऱ्यांसाठी दोमिनिक व्हित्तोझ या अनुवादिकेने ल्योंच्या भागातली जुनी बोली वापरली. इंग्रजीत स्टीफन सार्तारेल्ली यांनी बोलभाषा घेतली, खास शब्द जागोजागी ठेवले आणि पुस्तकाच्या शेवटी टिपा दिल्या. तिसरा गाद्दा, त्याच्या वाटेला जाऊ नका असं आधीच सांगितलं आहे.

मग मराठीत सिसिलीच्या कोळ्याला मालवणी द्यावी का? वऱ्हाडी? मला हे पटत नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’त बोलींचा जो खेळ केला तो जमला, कारण गोष्टच उचलून महाराष्ट्रात आणली होती. ते रूपांतर होतं. कादंबरी सिसिलीतच ठेवायची, समुद्र तिथला, पोलीस चौकी तिथली, जेवण तिथलं, आणि माणूस मात्र ‘खंय गेल्लंस’ म्हणणार, तर वाचकाला देवगड दिसतं. शिवाय मराठीत बोलीला विनोदी पात्राच्या खुर्चीवर बसवायची वाईट सवय आहे. गंभीर माणूस बोलीत बोलला की पुस्तक हातात असलेला माणूस हसायच्या तयारीत असतो.

माझा मार्ग असा : मराठीच्या आतलंच अंतर वापरा. निवेदन नीट प्रमाण भाषेत. संवादात बोलभाषा, आणि बोलीतल्या संवादात त्याहून सैल : तुटकी वाक्यं, ‘काय तर’, ‘म्हणे’, ‘बघ की’, गिळलेली क्रियापदं, जुने घरगुती शब्द, पण कोणत्याही एका जिल्ह्याचा शिक्का नसलेले. इटालियनमध्ये बोलताना तेच पात्र थोडं जपून, थोडं संस्कृत वळणाचं बोलेल. दोन्हींतला उतार वाचकाला ऐकू आला की पुरे. शिव्यांचं गणित वेगळं. इटलीत देवाला आणि मादोन्नाला, म्हणजे मेरीला, धरून शिव्या देतात आणि त्या खरोखर बोचतात. मराठीत देवावरून दिलेली शिवी फुसकी ठरते. तिथे वजन बघा, शब्द बघू नका.

भाषेचा ओबडधोबडपणा कधी कधी मुद्दाम जपायचा असतो. प्रीमो लेव्हीच्या ऑश्विट्झवरच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद हाइन्झ रीट करत होते. रीट इटलीत शिकलेले आणि फॅसिस्टांविरुद्ध लढलेले जर्मन. छळछावणीत लेव्हीच्या कानावर पडलेलं जर्मन रानटी, बराकीतलं होतं. रीट म्हणायचे, अशी जर्मन आज कोणी बोलत नाही, वाचकाला पटणार नाही. लेव्ही म्हणायचा, तिथे असंच बोलायचे. प्रकरणामागून प्रकरण पत्रं गेली-आली. अनुवाद १९६१ मध्ये आला. सभ्य केलेलं वाक्य वाचायला बरं लागतं, म्हणूनच त्याच्यावर नजर ठेवायची.

बार, पालात्सो आणि माणसांची नावं

‘सकाळी कामावर जाताना तो बारमध्ये शिरला.’ मराठी वाचकाने या माणसाबद्दल काय मत करून घेतलं असेल ते ओळखा. इटलीतला बार म्हणजे उभ्या उभ्या कॉफी पिण्याची जागा. पहिल्या वेळी ‘कॉफीचा बार’ म्हणा, पुढे नुसतं ‘बार’ चालेल. टपरी किंवा अमृततुल्य करू नका. ‘पालात्सो’ हा राजवाडा क्वचित असतो, बहुधा ती भाड्याच्या खोल्यांची इमारत असते. ‘दोत्तोरे’ हा डॉक्टर असेलच असं नाही. कोणत्याही पदवीधराला, आणि हाताखालचे लोक साहेबाला, तसं म्हणतात. आपलं ‘साहेब’ तिथे चपखल बसतं. खाण्याचे पदार्थ आहेत त्या नावांनी ठेवा.

नावं उच्चारानुसार लिहा, इंग्रजी वळणाने नाही. ‘सी-एच’ म्हणजे क, ‘जी-एन’ म्हणजे न्य, ‘जी-एल-आय’ म्हणजे ल्यि, ‘एच’ मुका. जोडाक्षरं खरी असतात : आन्ना, जुझेप्पे, जोव्हान्नी. ‘झेड’चा उच्चार बहुधा त्स किंवा द्झ. ‘चांगला’मधला च आणि ‘जागा’मधला ज आपल्याकडे असूनही तो फरक लिपीत दाखवता येत नाही ही आपली जुनी रड आहे. पिझ्झा मात्र पिझ्झाच राहू द्या.

शब्दकोश एकभाषी वापरा. त्रेक्कानीचा जाळ्यावर मोफत मिळतो, छापील हवा तर त्सिंगारेल्ली. १५८३ मध्ये स्थापन झालेली आक्कादेमिया देल्ला क्रुस्का ही संस्था आजही लोकांच्या भाषिक शंकांना उत्तरं देते, तीही वाचायला मिळतात.

इंग्रजी अनुवाद कधी उघडायचा

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर. त्याआधी उघडलात तर वाक्याची चाल डोक्यात बसते आणि जात नाही. नंतर मात्र जरूर उघडा, विशेषतः विल्यम वीव्हर, अ‍ॅन गोल्डस्टीन यांच्यासारख्यांचे. जिथे तुमचा आणि त्यांचा अर्थ वेगळा निघतो तिथे मूळ पुन्हा वाचा. दहापैकी काही वेळा तुम्हीच बरोबर असता. झुंपा लाहिरी २०१२ मध्ये रोमला जाऊन राहिली, इटालियनमध्ये लिहू लागली आणि दोमेनिको स्तारनोनेच्या तीन कादंबऱ्या तिने इंग्रजीत आणल्या. त्यांच्यासोबतची तिची टिपणं वाचण्यासारखी आहेत. त्यांतल्या एकीचं नाव ‘लाच्ची’, म्हणजे बुटाची नाडीही आणि बंधनही. इंग्रजीत तिला एकच शब्द दोन्हीला पुरला. मराठीत ‘नाडी’ म्हटलं तर ज्योतिषी आणि वैद्य दोघेही हजर होतात, म्हणून ‘गाठ’पासून विचार सुरू करावा लागेल.

दुसरा खर्डा मूळ पुस्तक मिटवून, मोठ्याने वाचून करा. जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक वेळा इटालियन संबंधी वाक्य ‘ज्याच्या, ज्यामध्ये, जे की’ होऊन तसंच राहिलेलं असतं.

वाचकाच्या हातात गेल्यावर

पुस्तक कसं स्वीकारलं जातं ते मजकुरावर जितकं, तितकंच आसपासच्या गोष्टींवर ठरतं. लेव्हीचं ऑश्विट्झवरचं तेच पुस्तक १९४७ मध्ये एइनाउदी या प्रकाशनसंस्थेने नाकारलं. तिथे तेव्हा गिन्झबुर्ग काम करत होती. एका छोट्या प्रकाशकाने २५०० प्रती काढल्या. १९५८ मध्ये एइनाउदीनेच ते पुन्हा छापलं आणि मग ते जगभर गेलं. मूळ नावात ‘हा माणूस आहे का’ असा प्रश्न आहे. अमेरिकेत त्याला ‘ऑश्विट्झमध्ये तगून राहणं’ अशा अर्थाचं नाव दिलं गेलं, आणि प्रश्नाच्या जागी सुटकेची कहाणी आली. जर्मन अनुवादानंतर वाचकांनी लेव्हीला पत्रं लिहिली, काही माफीची, काही सबबींची. १९८६ मधल्या त्याच्या पुस्तकाचं एक प्रकरणच त्या पत्रांवर आहे. नाव बदला असं प्रकाशक म्हणाला तर हा इतिहास त्याला ऐकवा.

फेरांतेची गोष्ट आजची. पहिला खंड २०११ मध्ये इटलीत आला, पुढच्या वर्षी गोल्डस्टीनच्या इंग्रजीत. खरा गाजावाजा अमेरिकेत झाला आणि तिथून तो इटलीत परतला. तिथले समीक्षक तोपर्यंत दोन तट करून भांडत होते. लेखिका टोपणनावामागे, त्यामुळे कार्यक्रमांना अनुवादिकाच जायची. इंग्रजी आवृत्त्यांच्या गुळगुळीत, लग्नाच्या फोटोंसारख्या मुखपृष्ठांवर पुष्कळांनी नाकं मुरडली. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लेखक-समीक्षकांकडून एकविसाव्या शतकातली उत्तम पुस्तकं निवडून घेतली, तेव्हा तो पहिला खंड यादीत पहिला होता. मुखपृष्ठाबद्दल मत मांडायचा हक्क करारात मागून घ्या. मिळेलच असं नाही.

मराठी वाचकाकडून काही प्रतिक्रिया हमखास येतात. ‘नावं लक्षात राहत नाहीत.’ याला उपाय सोपा : सुरुवातीला पात्रांची यादी. फेरांतेच्या मूळ खंडांतही घराण्यांनुसार ती दिलेली आहे. ‘काहीच घडत नाही.’ पावेझे किंवा गिन्झबुर्ग घेतलंत तर हे ऐकायची तयारी ठेवा आणि प्रस्तावनेत कथानकाची जाहिरात करू नका. ‘इंग्रजीत आहेच की, मग मराठीत कशाला?’ याला वाद घालू नका. ‘लेई’वरून ‘तू’वर येण्याचं एक पान दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

आणि ‘अनुवाद वाटतच नाही!’ हे कौतुक. लॉरेन्स व्हेनुती हा स्वतः इटालियनमधून अनुवाद करणारा माणूस. त्याने १९९५ मध्ये या कौतुकाचीच चिरफाड केली. वाक्य जितकं गुळगुळीत तितका अनुवादक अदृश्य, आणि परकं पुस्तकही घरचं होऊन बसतं, असा त्याचा मुद्दा. मी त्याच्याइतका कडक नाही. मराठी खडबडीत झाली म्हणजे इटली जवळ येते असं नाही. पण कोणी ‘ओघवतं’ म्हटलं की मी विचारतो, कोणतं पान? त्या पानावर बहुतेक वेळा मूळ लेखकही ओघवता असतो, किंवा मी काहीतरी बुजवलेलं असतं, आणि दोन्हींतलं कोणतं ते मूळ उघडल्याशिवाय कळत नाही.

छापण्याआधी तीन वाचक शोधा. इटालियन अजिबात न येणारा आणि कादंबऱ्या भरपूर वाचणारा एक. इटालियन येणारा एक. आणि कुटुंबातलं एखादं वडीलधारं माणूस, जे नात्यांचा घोळ लगेच पकडतं. ‘हा मामा मघाशी काका होता ना?’ असं विचारणारं. तिसऱ्याची सूचना आधी तपासा. आवृत्ती निघाल्यावर एक प्रत वेगळी ठेवा आणि वाचकांनी कळवलेलं सगळं तिच्या समासात लिहीत जा, चुकीचं कळवलेलंसुद्धा, कारण एकाच ओळीवर तिघे चुकीचं बोलत असतील तर ती ओळ दुसऱ्या आवृत्तीत बदलावी लागते.